काढणावळ

गाडीत एक बेअरिंग असं असतं, की गाडी रस्त्यानं सुरळीत धावत असते तेव्हा त्याला काहीच काम नसतं. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं; त्याच्या अगदी मधोमध एक भोक असतं, त्यात ते बसवलेलं असतं. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या इनपुट शाफ्टचं निमुळतं टोक त्यात शिरतं आणि तिथे टेकतं. क्लचवर पाय नसला की इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात. मग बेअरिंगची आतली कडी आणि बाहेरची कडीही बरोबरीनं फिरते आणि मधल्या गोळ्यांना घरंगळायचं कारणच उरत नाही. आपण पेडल दाबतो, इंजिन फिरतच राहतं, शाफ्ट मात्र मंदावतो, तेवढ्या वेळापुरत्या त्या गोळ्या कामाला लागतात. रेल्वे फाटकावर, गिअर बदलताना, रस्त्यात म्हशी आडव्या आल्या तर. याचं नाव पायलट बेअरिंग. आमच्याकडे सगळे ‘पायलेट’ म्हणतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांत ते सापडतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या मोटारींत नसतंच. दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळतं आणि बसवायला दोन मिनिटं पुरतात.

जुनं काढायला किती लागतात, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

आमची जीप डिझेलवरची, जुनी, दोन मालकांचे हात लागून आमच्याकडे आलेली. शेत दारव्हा तालुक्यात आणि शेतापर्यंत जायला पांदण. ज्यांनी विदर्भातली पांदण श्रावणात पाहिली नाही, त्यांना अर्ध्या क्लचवर गाडी काढणं म्हणजे काय ते समजावून सांगणं अवघड आहे. काळी माती टायरला अशी लपेटते की चाक फिरतं पण पुढे जात नाही; मागे खताच्या बॅगा, त्यावर बसलेली दोन माणसं, आणि धाकट्या भावाचा डावा पाय क्लचवर. पांदण संपून डांबरी रस्ता लागला तरी तो पाय तिथेच असतो. पाय उचलायचा नाही असा त्यानं कुठल्या तरी देवाला शब्द दिला असावा. पावसाळा कसाबसा निघाला, कापसाचा हंगाम निघाला, आणि उन्हाळ्यात गाडीनं हात टेकले. इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही, जळकट वास येतो. क्लच प्लेट गेली हे कळायला मिस्त्री लागत नाही. पण त्यासोबत एक आवाजही होता, आणि तो कशाचा हे ओळखायला मिस्त्रीच लागला.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे रस्त्याच्या कडेचा पत्र्याचा शेड आणि त्याच्या पुढ्यातलं कडुनिंबाचं झाड. बहुतेक काम झाडाखालीच चालतं, कारण मे महिन्यात शेडमध्ये माणूस उभा राहू शकत नाही आणि उन्हात ठेवलेला पाना फडकं गुंडाळल्याशिवाय उचलता येत नाही. वय साठीच्या पुढे, बोलणं बेताचं. मला त्यांनी ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः बॉनेटपाशी मान तिरकी करून उभे राहिले.

“सर, न्यूटल करा. पाय काढा. हां. आता हळूच ठेवा. दाबू नका, नुस्ता ठेवा.”

मी ठेवला.

“आता पुरा दाबा. गिअरमधी टाका. सोडू नका बरं!”

पेडल तळाला टेकल्यावर खालून एक कोरडी किरकिर सुरू झाली, आणि पहिला गिअर दाताखाली खडा यावा तसा पडला.

“पायलेट गेलं,” एवढंच बोलून ते पाने आणायला वळले.

या तीन आज्ञांमागे काय होतं ते मी नंतर विचारून घेतलं. गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल मोकळं, आणि आवाज येत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण तेव्हा तो शाफ्ट फिरत असतो; पेडल दाबलं की तो थांबतो आणि आवाजही जातो. पेडलवर पाय नुसता टेकवला आणि आवाज सुरू झाला तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, कारण पाय टेकल्यावर पहिला भार त्याच्यावर येतो. आणि पेडल पूर्ण दाबून, गिअरमध्ये, गाडी उभी असताना आवाज आला तर पायलट, कारण शाफ्ट थांबलेला आणि इंजिन फिरतं, ही परिस्थिती फक्त तेव्हाच. ते बेअरिंग जाम झालं असेल तर क्लच दाबूनही इंजिन शाफ्टला थोडं ओढतच राहतं, म्हणून गिअर खरखरत पडतो. मी विज्ञान शिकवतो. निरीक्षण, तर्क आणि अनुमान हे शब्द फळ्यावर लिहून त्याखाली रेघ मारतो. इथे ते तिन्ही पाऊण मिनिटात, इंजिन चालू असताना, एकाच माणसानं करून दाखवले आणि त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

गिअरबॉक्स उतरवण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडला, बोल्ट काढले, खाली टायर टाकला, मिस्त्री आणि त्यांच्याकडचा पोरगा यांनी ते धूड छातीवर घेऊन अलगद टायरवर ठेवलं. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग. सगळं अपेक्षेप्रमाणे. मग मिस्त्रींनी फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात बोट घातलं, फिरवून पाहिलं, बोट बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. तांबूस-काळी भुकटी. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की क्लचभोवतीच्या कवचात, बेल हाउसिंगमध्ये, पाणी शिरतं, त्यात क्लचची राख मिसळते, ग्रीस वाळतं, आणि गंज बाहेरच्या कडीला भोवतीच्या लोखंडाशी जोडून टाकतो.

“हे नुस्तं बसलेलं नाई. यानं धरलं हाये.”

पोरानं उत्साहात छन्नी आणि हातोडा उचलला होता.

“ठेव बे तो हातोडा! कायले ठोकतं? आतला कडा हातात आला अन् बाहेरचा आत राह्यला, तं मंग कुठं धरशीन त्याले?”

त्या एका वाक्यात सगळी मेख आहे. हे बेअरिंग आंधळ्या भोकात बसतं. मागून रस्ता नाही. विहिरीच्या तळाला टेकलेली वस्तू वरून ठोकली तर ती आणखी खाली जाते, वर येत नाही. ओढायचं तर आतल्या कडीला पकडून ओढावं लागतं. आतली कडी बाहेरच्या कडीला धरून असते ती फक्त गोळ्यांच्या भरवशावर. गोळ्या अंतरावर ठेवणारी पत्र्याची जाळी गंजून तुटलेली असेल तर गोळ्या एका बाजूला जमतात, आतली कडी सुटून हातात येते आणि बाहेरची कडी, जी खरी अडकलेली असते, ती जागेवरून हसत राहते. तिला पकडायला ना ओठ, ना भोक. शिवाय बेअरिंगचं पोलाद साधं लोखंड नव्हे. त्यात साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं आणि ते उष्णता देऊन कडक केलेलं असतं. साध्या ड्रिलचं पातं त्यावर फिरत राहतं, कानस घसरते. छन्नी मारली तर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो, आणि छन्नी जरा बाजूला लागली तर क्रँकशाफ्टच्या भोकावर चरा पडतो. क्रँकशाफ्ट शंभर-दीडशे रुपयांना मिळत नाही.

आमच्याकडे कारागिराची पारख नेहमी बसवण्यावरून होते. गवंड्यानं भिंत कशी बांधली, सुतारानं चौकट कशी बसवली. सोनारालाही आपण घडणावळ देतो. जुनी भिंत शेजारची न हलवता कशी पाडली, कुजलेली चौकट दगड न फुटता कशी सोडवली, याचे पैसे मोजताना मात्र आपला हात आखडतो, कारण त्या कामाअंती दाखवायला काही उरत नाही. गाडीच्या दुरुस्तीत तर निम्म्याहून अधिक काम काढण्याचं असतं. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात त्याला एक ओळ मिळते: ‘पायलट बेअरिंग काढा’, शेजारी एका खास हत्याराचं चित्र. ते पुस्तक बहुधा नव्या गाडीवर लिहिलेलं असतं, जिचं बेअरिंग कधी नाल्यात भिजलेलं नसतं. आयटीआयमध्ये शिकलेला पोरगा मोजमापात पक्का असतो, टॉर्क किती लावायचा हे त्याला पाठ असतं. पण गंजलेला बोल्ट तुटण्याच्या एक क्षण आधी पान्याला कसा वेगळा लागतो, हे त्याला कुठल्या तासाला शिकवणार?

मिस्त्री हे जिनिंगमध्ये शिकले. गॅरेज टाकण्याआधी त्यांची बरीच वर्षं जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या, कारखान्यात गेली. तिथे हंगामात मशीन थांबलं की बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि मालक डोक्यावर उभा असतो. जुन्या जिनिंगमध्ये प्रत्येक जिनला वेगळी मोटर नव्हती. एक लांबलचक लाइन शाफ्ट, त्यावर पुल्या, पुल्यांवरून पट्टे, आणि त्या एका शाफ्टवर अख्खी रांग चाले. शाफ्टला ठिकठिकाणी बेअरिंगचा आधार. “अन् ते बेरिंग दर साली खाऊन टाके,” मिस्त्री म्हणाले. “काहून, तं जमीन.”

जमीन म्हणजे आपली काळी माती. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तिच्यावर उभारलेला पायाही तिच्यासोबत थोडा वर-खाली होतो, आणि पन्नास-साठ फूट लांब शाफ्ट एका रेषेत राहायचा तर पायानं दोन सुतांचीही मस्ती केलेली चालत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस सरळ असलेला शाफ्ट मेपर्यंत वाकड्या ओळीत जातो, बेअरिंग एका बाजूनं घासतं आणि जातं.

हे ऐकताना मला स्वीडनमधली एक गोष्ट आठवली. गोथेनबर्ग शहरात गामलेस्टाडेन नावाची कापडगिरणी होती आणि तीही चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन हलायची, शाफ्ट ओळ सोडायचे, बेअरिंग जायची. तिथे देखभालीचं काम पाहणारा स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर या कटकटीला कंटाळला आणि त्यानं गोळ्यांच्या दोन ओळींचं, शाफ्ट थोडा कलला तरी स्वतः त्याच्यासोबत कलणारं बेअरिंग तयार केलं. साल १९०७. त्याच वर्षी त्यातून एसकेएफ ही कंपनी निघाली. गोळ्यांच्या बेअरिंगची कल्पना त्याच्या शंभरावर वर्षं आधीची: १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप व्हॉन यानं घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट घेतलं होतं. पण मातीशी जमवून घेणारं बेअरिंग यायला कापडगिरणीच लागली. मिस्त्रींना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तिकडं बी कपाशीच होते का?” होत नाही म्हटल्यावर त्यांचा त्या गिरणीतला रस कमी झाला.

जिनिंगमध्ये अशी अडकलेली बाहेरची कडी ते वेल्डिंगनं काढत. कडीच्या आतल्या अंगाला वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवायची आणि बाजूला होऊन बिडी प्यायची. वितळलेलं धातू थंड होताना आकसतं, आकसताना कडीला आत ओढतं, आणि तासभर हातोड्याला दाद न देणारी कडी बोटानं निघून येते. इथेही ते करता आलं असतं, पण क्रँकशाफ्टच्या त्याच टोकाला मागे तेल अडवणारं ऑइल सील असतं. उष्णतेनं ते गेलं तर एक काम संपवताना दुसरं उभं राहतं. शिवाय वेल्डिंगची अर्थिंग चिमटी कुठे लावायची याची अक्कल लागते. ती चिमटी बॉडीला लावली तर करंट क्रँकच्या मेन बेअरिंगांतून वाट काढत जातो आणि त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर डाग पाडतो. ती फ्लायव्हीललाच लावायची. बॅटरीची वायर आधी सोडायची. “वेल्डिंग शेवटचं. ते हाये म्हनून आधी करायचं नसते.”

आधी त्यांनी पुलर लावला. पुलर घरी केलेला: दोन बारीक आकडे बेअरिंगच्या मागे अडकवायचे, दांड्यावर एक जड गोळा सरकता ठेवायचा, तो गोळा मागच्या टोकावर आपटायचा. दोन-चार हलके ठोके देऊन मिस्त्री थांबले. आतली कडी किंचित लटपटली होती, बाहेरची ढिम्म. कोणी दुसरा असता तर या क्षणी जोर वाढवला असता. मीही वाढवला असता, कारण काहीतरी हललं की आपल्याला यश आल्यासारखं वाटतं. मिस्त्रींना मात्र त्या लटपटीत जाळी मोडत असल्याचं कळलं. त्यांनी आकडे सोडवले आणि ग्रीसचा डबा मागितला.

बेअरिंगच्या मागे क्रँकमध्ये एक छोटी पोकळी असते. तिच्यात ग्रीस ठासून भरायचं, कुठेही हवा राहू द्यायची नाही. मग बेअरिंगच्या आतल्या भोकात बरोब्बर बसेल असा दांडा घालून त्यावर हातोडा मारायचा. यासाठी मिस्त्रींकडे ‘डमी’ होता. जुन्या गाडीच्या इनपुट शाफ्टचा कापलेला तुकडा. खरं तर तो नवी क्लच प्लेट मधोमध बसवण्यासाठी लागतो, पण त्याचं टोक याच बेअरिंगच्या मापाचं असतं, त्यामुळे दोन्ही कामं होतात. दांडा आत घुसू पाहतो, ग्रीस दाबलं जात नाही, त्याला जायला दुसरी वाट नाही, म्हणून ते मागून बेअरिंगलाच बाहेर ढकलतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखा जातो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं मांडलं. गाडीचे ब्रेक आणि टायर बदलायचा हायड्रॉलिक जॅक त्यावरच चालतात. मी ते दरवर्षी दोन इंजेक्शनच्या सिरिंज जोडून शिकवतो. पोरं एकमेकांच्या अंगावर पाणी उडवतात आणि नियम विसरतात.

मी तिथेच धुळीत काडीनं हिशेब मांडला. बेअरिंगवर नंबर होता ६२०२. या नंबरांचीही एक रीत आहे. शेवटचे दोन आकडे भोकाचा व्यास सांगतात: ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे सरळ ५ नं गुणायचं. जगात कुठेही घ्या, ६२०२ म्हणजे आत १५, बाहेर ३५, जाडी ११ मिलिमीटर. आता १५ व्यासाच्या दांड्याचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस मिलिमीटर. ३५ व्यासाच्या वर्तुळाचं ९६२. मधलं कडं राहिलं ७८५ चं. म्हणजे हातोड्यानं दांड्यावर जेवढा जोर दिला, त्याच्या जवळपास साडेचार पट जोर मागून बेअरिंगवर. हा कागदावरचा हिशेब. भोकाच्या आतल्या पायरीनं कड्याचा काही भाग झाकलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात कमी. तरी तिप्पट म्हटलं तरी पुष्कळ झालं. मिस्त्रींनी माझी आकडेमोड वाकून पाहिली आणि पायानं पुसून त्या जागी बसले, कारण सावली तिथेच होती.

दांड्याभोवती फडकं गुंडाळून त्यांनी हातोडा मारला. फडकं यासाठी की ग्रीस बंदुकीसारखं तोंडावर उडतं. आणि ते उडालंच. बेअरिंग हललं नाही. ग्रीस मात्र गोळ्यांच्या फटींतून बाहेर आलं. रबरी झाकण शाबूत असलेलं बेअरिंग असतं तर तेवढ्यानं निघालं असतं. आमच्या बेअरिंगचं झाकण कधीच जळून गेलेलं, त्यामुळे मागून दाब तयार होण्याआधीच ग्रीसला पळवाट मिळत होती. पास्कल बरोबर होता, पण त्याचं भांडं बंद असतं.

मिस्त्रींनी कपाळ पुसलं आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे पाहिलं.

“जा रे, समोस्याच्या मैद्याचा एक गोळा घेऊन ये. घट्ट पाह्यजे. म्हनावं, मिस्त्रीनं मांगतला.”

मला वाटलं नाश्त्याची सोय होते आहे. पोरगा मुठीएवढा गोळा घेऊन आला. मागोमाग हॉटेलवाला, गाडीत समोसा कुठे भरतात ते पाहायला. मिस्त्रींनी काठीनं जमेल तेवढं ग्रीस काढलं, गोळ्याची बोटभर वळी केली, आत ठासली, डमी घातला, मारला. वळी, ठोका, वळी, ठोका. भिजवलेलं पीठ ग्रीससारखं वाहत नाही, फटीत शिरून अडकतं आणि फट बुजवतं, पण कोंडलं की ग्रीसइतकंच अडून बसतं. काही ठिकाणी यासाठी ओला पाव वापरतात, काही जण भिजवलेलं वर्तमानपत्र, कोणी साबणाची वडी. तत्त्व एकच: फटीतून जाणार नाही एवढं जाड आणि पोकळी भरून काढेल एवढं मऊ. समोशाचा मैदा कमी पाण्यात मळतात, म्हणून तो घट्ट राहतो, असं हॉटेलवाल्यानं आम्हाला न विचारता सांगितलं. तो त्या दिवशी एकदम तज्ज्ञ झाला होता. “अजून एक वळी घाला,” अशा सूचना देऊ लागला.

ठोक्याचा आवाज बदलला तो मलाही ऐकू आला. आधी भरीव, मग जरा पोकळ. मिस्त्रींनी नखानं कड चाचपली. “निंगून रायलं.” पुढच्या वळीला बेअरिंग दोऱ्याएवढं बाहेर, मग बोटाच्या पेरापर्यंत, आणि मग तळहातात. बाहेरच्या कडीवर गंजाचा एक अखंड तपकिरी पट्टा, मागे चिकटलेला पांढरा मैदा, त्यात काळं ग्रीस. पोरानं त्याचा फोटो काढला. मी कितीतरी शस्त्रक्रियांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाहिले आहेत, पण आनंदानं पाहिलेला हा एकच.

यानंतरचं काम वेळखाऊ होतं आणि मिस्त्रींनी त्यात कुठेही हात सैल सोडला नाही. पोकळीतला मैद्याचा कण न् कण काढावा लागतो. ओलं पीठ आत राहिलं तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता गंज सुरू होतो. भोक डिझेलनं धुतलं, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं गंजाचा थर हलक्या हातानं उतरवला. भोकातल्या धातूला पेपर लावताना ते पोराला सतत सांगत होते की चमकवायचं नाही, फक्त साफ करायचं. जास्त घासलं तर भोक मोठं होतं आणि नवं बेअरिंग आत फिरतं. फ्लायव्हीलवर उडालेलं ग्रीस पेट्रोलनं पुसलं, कारण तिथे बोटभर ग्रीस राहिलं तरी नवी क्लच प्लेट पहिल्या दिवसापासून घसरते. फ्लायव्हील लेथवर फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायला, गेलं.

नवं बेअरिंग रसवंतीवाल्याकडच्या बर्फात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तासभर पुरलं होतं. हाही हिशेब मी मांडून पाहिला. पोलाद दर अंश तापमानाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन आकसतं. सावलीतल्या ४४ अंशांवरून बर्फातल्या गारव्यापर्यंत चाळीसेक अंशांचा फरक धरला, तर ३५ मिलिमीटरचं बेअरिंग सुमारे १७ मायक्रॉननं लहान होतं. डोक्याच्या एका केसाचा चौथा हिस्सा. ऐकायला काहीच नाही, पण गच्च बसणाऱ्या वस्तूंमध्ये फरक तेवढ्याचाच असतो. मिस्त्रींनी ते बर्फातून काढून पुसलं, भोकावर टेकवलं, आणि पान्याची एक गोटी (सॉकेट) अशी निवडली की जिची कड फक्त बाहेरच्या कडीवर टेकेल. आतल्या कडीवर ठोकलं तर तो ठोका गोळ्यांतून जातो आणि गोळ्यांची वाट कायमची खड्ड्यांची होते. नवं बेअरिंग बसतानाच जुनं होतं. तीन हलके ठोके. बसलं.

काढायला दुपार गेली होती. बसवायला मी चहा संपवेपर्यंतचा वेळ.

संध्याकाळी गाडी जुळून आली. भावाला मिस्त्रींनी पेडलवर पाय ठेवून न चालवण्याबद्दल चार शब्द सुनावले. त्यानं ते मान हलवून ऐकले आणि गाडी गावाकडे काढली ती डावा पाय क्लचवर ठेवूनच.

बिल म्हणजे शाळेच्या वहीचं पान. वर ‘सरांची जीप’. खाली क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, पायलेट बेरिंग, फेसिंग आणि मजुरीचा अगदीच कमी आकडा. मी म्हटलं, मिस्त्री, बेअरिंग काढायचे वेगळे लावा, अर्धा दिवस त्यातच गेला. ते म्हणाले, “ते तं गाडीचंच काम हाये न सर. त्याचे काय वेगळे लावा?” मी मजुरीच्या आकड्यात माझ्या हातानं भर घातली. ती त्यांनी घेतली, पण वहीत खाडाखोड केली नाही.

गाडीच्या खर्चात अर्धा वाटा मेव्हण्याचा असतो आणि तो पतसंस्थेत हिशेबाला आहे, त्यामुळे कुठलंही बिल तो तळापासून वर वाचतो. सगळ्यांत खालची ओळ त्याच्या डोळ्यांत आली. ‘हाटेल – २०’.

“भाऊजी, हा मिस्त्री समोसे खाते अन् गाडीच्या बिलात लावते का?”